फिल्म धुणारे घर

मराठीत फिल्म 'धुतात'. इंग्रजी शब्दाचा रोख प्रतिमा उलगडण्याकडे आहे, पण आपण मात्र 'रोल धुवायला टाकला', 'फोटो धुऊन आले' असेच म्हणत आलो. हा शब्द कोणी बसून घडवलेला नाही. ज्यांनी हे काम प्रथम पाहिले त्यांना पाणी दिसले, पसरट भांडी दिसली, शेवटी दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेल्या पट्ट्या दिसल्या. त्यांनी त्याला ओळखीचे नाव दिले. भाषेने त्यामुळे एक सूक्ष्म रासायनिक प्रक्रिया भांडी-धुण्याच्या रांगेत नेऊन बसवली, आणि भांडी-धुण्याचा इतिहास आपल्याकडे कोणी लिहीत नाही.

या लेखात मला तो थोडासा लिहायचा आहे. भारतातला पहिला कथाचित्रपट कोणता, या वादात कॅमेरा कोणाचा, कथा कोणाची, पडद्यावर आधी कोण आले, हे प्रश्न नेहमी विचारले जातात. फिल्म कुठे धुतली गेली, हा प्रश्न त्या यादीत तळाशी असतो. माझ्या मते तो वर आणायला हवा. तो वर आणला की दादरच्या एका घरातली, इतिहासात एका वाक्यात उरकली गेलेली एक व्यक्तीही वर येते.

लंडनला जाणारी फिल्म

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र प्रथम दाखवले गेले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये मुद्दाम ठेवलेली एक कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने केलेले हे पहिले चित्रीकरण समजले जाते. सावेदादांचा स्वतःचा व्यवसाय छायाचित्रणाचा होता. तरीही कुस्तीची फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. छायाचित्राची एक काच धुणे आणि शेकडो फुटांची लवचीक पट्टी धुणे यांत फार अंतर होते.

पुढे १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' प्रदर्शित झाला. कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म पुन्हा लंडनलाच धुतली गेली. 'पहिला' हा मान तोरण्यांचा की फाळक्यांचा, या वादात फाळक्यांच्या बाजूने हा मुद्दा हमखास मांडला जातो. पण तो जणू मालकी हक्काचा पुरावा म्हणून मांडला जातो. परदेशात धुतली म्हणून चित्रपट परका ठरतो, असा तो युक्तिवाद. तोरण्यांवर हा अन्याय आहे. त्यांची कल्पना, त्यांचे नट, त्यांचे नाटक इथलेच होते.

मुद्दा वेगळा आहे. आगबोटीने फिल्म लंडनला जाऊन परत यायची म्हणजे एक-दोन महिने गेले. तोवर नाटकमंडळी पांगलेली, उजेड बदललेला, मांडलेले दृश्य मोडलेले. आपण काय टिपले हे कळेपर्यंत ते सुधारण्याची संधी निघून गेलेली असे. जो आज चित्रित करतो आणि त्याच रात्री निगेटिव्ह डोळ्यांसमोर धरतो, तोच दुसऱ्या दिवशी म्हणू शकतो की हे दृश्य पुन्हा घेऊ. कॅमेरा विकत घेता येतो. चुकत चुकत शिकणे विकत घेता येत नाही, आणि त्यासाठी धुलाई घरातच हवी.

रसायनाची शाळा

फाळके या जागी अचानक पोचले नाहीत. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि नंतर बडोद्याला गेले. तिथल्या कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मुळात रसायनशास्त्रज्ञ. चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, तेव्हा तो डाग रसायनांनी धुऊन काढणारे ते हेच गज्जर. त्यांनी या तरुणाला कलाभवनाची छायाचित्रशाळा आणि प्रयोगशाळा वापरू दिली, पुढे ब्लॉक बनवण्याचे आणि काळोख्या खोलीतले काम शिकायला रतलामला पाठवले. गोध्र्याला छायाचित्रकार, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्याला आणि दादरला छापखाना, असा फाळक्यांचा पुढचा प्रवास. या सगळ्या धंद्यांत एक गोष्ट समान होती. प्रत्येक ठिकाणी चांदीचे क्षार, आम्ल, अल्कली आणि पाणी यांच्याशी रोजचा संबंध होता. सिनेमाकडे ते कथाकार म्हणून वळले असे आपण समजतो, पण तिथवर त्यांना आणणारी वाट रसायनांच्या बाटल्यांमधून गेली होती.

ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट गिरगावात पाहिल्यानंतर त्यांना ध्यास लागला. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत त्यांनी चित्रपटनिर्मितीची सगळी खाती पाहिली. विल्यमसन कॅमेरा, कोरी फिल्म आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची सोय करून ते १ एप्रिलला परतले. दादरच्या बंगल्याच्या आवारात एक छोटी काचेची खोली उभी राहिली, शेजारी काळोखी खोली झाली आणि फिल्म धुण्याची व्यवस्था लागली. त्या रस्त्याला आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात.

पहिला प्रयोग वाटाण्याच्या रोपाचा. कुंडीसमोर कॅमेरा लावून थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत रोप उगवण्यापासून वेलीपर्यंतची वाढ एका मिनिटाच्या आसपासच्या फिल्ममध्ये बसवली. 'अंकुराची वाढ' पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. सावकाराने ज्या गोष्टीवर विश्वास टाकला ती गोष्ट पौराणिक कथा नव्हती. हा माणूस घरात फिल्म धुऊन दाखवू शकतो, हे तारण होते.

पावणेपाच लाख भोके

त्या काळी कोरी फिल्म बहुधा भोकांशिवाय येई. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोके लागतात. म्हणजे एका फुटाला १२८ भोके. दोनशे फुटांच्या एका गुंडाळीला २५,६००. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट होती, म्हणजे ४,७३,६०० भोके. जे पुन्हा घेतले, जे टाकून दिले, ते यात धरलेले नाही. शिवाय पडद्यावर दाखवायची प्रत वेगळ्या फिल्मवर निघते, तिलाही तेवढीच भोके. भोके यंत्राने पडत असली तरी फिल्मवर पांढरा उजेड पडून चालत नाही. हे सारे काळोखात, हाताच्या अंदाजाने करायचे काम. एखादे भोक केसभर सरकले तर पडद्यावर राजा हरिश्चंद्र सिंहासनावर थरथरताना दिसणार.

हे काम करीत होत्या सरस्वतीबाई फाळके. १९०२ मध्ये त्यांचे लग्न झाले, घरी-दारी त्यांना काकी म्हणत. फाळक्यांनी त्यांना भोके पाडायला शिकवले, रसायने मिसळायला शिकवले, फिल्म धुवायला शिकवले. दिवसा चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा. रात्री मुले झोपली की काळोख्या खोलीत शिरायचे. हा दिनक्रम सहा महिने आणि २७ दिवस चालला. कर्जासाठी त्यांचे दागिनेही गेले.

आणखी एक गोष्ट विसरू नये. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची, बंदुकीच्या दारूच्या नात्यातली. ठिणगी पडली की भडकते आणि पाण्यानेही विझत नाही. ज्या घरात तीन-चार चुली पेटत होत्या, त्याच घरात हजारो फूट नायट्रेट फिल्म वाळत होती.

साकीनाक्याचे पाणी

हे काम नेमके किती कौशल्याचे, हे पुस्तकांतून पुरते कळत नाही. मी साकीनाक्याला राहतो आणि गेली सहा वर्षे कृष्णधवल फिल्म घरीच धुतो, बहुतेक वेळा घरीच मिसळलेल्या रसायनांनी. आमच्या परिसराला हे विसंगत नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाळ्यांमध्ये कोणी ना कोणी काही ना काही घडवत असतो. जवळच चांदिवली स्टुडिओत वर्षानुवर्षे चित्रीकरणे झाली. भंगारवाले जुने एक्स-रे विकत घेतात, कारण त्यांतून अजून चांदी निघते.

फिल्मवर उजेड पडतो तेव्हा चांदीच्या क्षारांच्या कणांत एक अदृश्य खूण उमटते. डेव्हलपर त्या खुणेचे कण तेवढे काळ्या चांदीत बदलतो. उरलेले कण हायपो विरघळवून टाकतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवला होता, छायाचित्रणाच्या वीस वर्षे आधी. डेव्हलपरमध्ये चार गोष्टी लागतात. चांदी मोकळी करणारे द्रव्य, त्याला जोर देणारी अल्कली, ते हवेने खराब होऊ नये म्हणून सल्फाइट, आणि न उजळलेल्या भागाला हात लागू नये म्हणून थोडे ब्रोमाइड. कोडॅकच्या प्रसिद्ध डी-७६ मध्ये लिटरला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स एवढेच असते. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार.

यातल्या बऱ्याच गोष्टी घरातल्याच असतात. जोराची अल्कली हवी तर धुण्याचा सोडा. तो मिळाला नाही तर खाण्याचा सोडा कढईत चांगला तापवावा, त्यातला वायू आणि पाणी उडून गेले की उरतो तो धुण्याचाच सोडा. डेव्हलपर थांबवायला पातळ व्हिनेगर. हायपोत तुरटी घातली की फिल्मवरचा जिलेटिनचा थर घट्ट होतो. गढूळ पाणी निवळायला जी तुरटी फिरवतात, तीच. मेटॉलऐवजी कॉफीही चालते. अमेरिकेतल्या रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये कॉफी आणि सोड्यावर फिल्म धुऊन दाखवली. नंतर त्यात सी जीवनसत्त्वाची भर पडली. मी लिटरला ५४ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम सी जीवनसत्त्व आणि ४० ग्रॅम स्वस्तातली इन्स्टंट कॉफी घेतो. २० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटे. निगेटिव्ह उत्तम येते. वासाबद्दल मात्र घरात कोणी चांगले बोलत नाही.

अडचण त्या २० अंशांची आहे. एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी मी मोजतो तेव्हा ३१-३२ अंश भरते. तेवढ्या पाण्यात डेव्हलपर दुप्पट वेगाने धावतो. जिथे आठ मिनिटे द्यायची तिथे साडेतीन-चार मिनिटांत काम उरकते, आणि एवढ्या थोड्या वेळात काळेपणा सगळीकडे सारखा उतरत नाही. जिलेटिन फुगते, मऊ होते, नख लागले तरी सोलते. माझ्याकडे फ्रीज आहे, तापमापक आहे, मोबाइलचे घड्याळ आहे, आणि धुवायची असते पाच फुटांची फिल्म.

आता हेच १९१२ च्या दादरला नेऊन पाहावे. लांब फिल्म लाकडी चौकटीवर गुंडाळून हौदात बुडवत, मोठ्या पिंपावर गुंडाळून वाळवत, अशी तेव्हाची रीत होती. त्या काळच्या फिल्मला तांबडा उजेड कळत नसे, म्हणून लाल दिव्याच्या प्रकाशात डोळ्यांनी पाहत पाहत धुता येई. हा फायदा होता, पण सगळी भिस्त मग त्या डोळ्यांवर येई. ओली निगेटिव्ह कधी बाहेर काढायची हे घड्याळाने ठरत नसे. रसायन ताजे आहे की दोन गुंडाळ्यांनी थकलेले, आज हवा दमट आहे की कोरडी, दृश्य उन्हातले की सावलीतले, हे सारे ध्यानात घेऊन क्षण ओळखावा लागे. अर्धा मिनिट उशीर झाला की दिवसभराची मेहनत, नटांचे जेवण, भाड्याच्या वस्तू, सगळे हौदात गेले.

हे ज्ञान पुस्तकातल्या सूत्रात मावत नाही. पाक एकतारी झाला की नाही हे चमच्याकडे पाहून ओळखणाऱ्या माणसाचे ते ज्ञान आहे. फाळक्यांकडे सूत्र होते. सूत्राला मुंबईच्या पाण्यात रोज रात्री खरे करून दाखवण्यात सरस्वतीबाईंचा हात होता.

न मिळालेली तारामती आणि मिळालेली

'राजा हरिश्चंद्र'ची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट तारामतीची. भूमिकेसाठी स्त्री मिळेना, शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीतल्या अण्णा साळुंके नावाच्या मुलाला लुगडे नेसवले. ही गोष्ट आपण शंभर वर्षे हसत हसत सांगत आलो. पडद्यावर स्त्री नव्हती, हे खरे. पण फिल्मवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एका स्त्रीचा हात फिरत होता, ही गोष्ट त्या किश्श्याच्या शेजारी क्वचितच सांगितली जाते. सांगितली तरी 'पत्नीने मोलाची साथ दिली' अशा शब्दांत. साथ देणारा बाजूला उभा असतो. काळोख्या खोलीत जी असते ती कामाच्या मध्यभागी असते.

यावर कोणी म्हणेल की रसायन फाळक्यांचे, शिकवणारे तेच, सरस्वतीबाईंनी सांगितलेले केले. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. फाळक्यांची बुद्धी आणि जिद्द याने रेसभरही कमी होत नाही. पण हाच न्याय इतरांना आपण लावत नाही. फाळक्यांनी त्र्यंबक तेलंग या मित्रालाही कॅमेरा चालवायला शिकवले आणि तेलंग इतिहासात 'छायालेखक' म्हणून नोंदले गेले. शिकवल्यावर कॅमेरा फिरवणाऱ्याला हुद्दा मिळाला. शिकवल्यावर फिल्म धुणारीला नाते मिळाले. फरक कौशल्याचा नव्हता. एक काम अंगणात झाले, दुसरे घरात.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मेपासून कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच वर्षी फाळके कुटुंब नाशिकला हलले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. काम वाढले, माणसे वाढली, भांडवलदार भागीदार आले. पुढे बोलपटांच्या काळात फिल्म धुणे हे स्वतंत्र प्रयोगशाळांचे, यंत्रांचे आणि पगारी तंत्रज्ञांचे काम झाले. घरातून बाहेर पडताच या कामाला नाव, पगार आणि श्रेयनामावलीत जागा मिळाली, आणि बहुतेक ठिकाणी ते पुरुषांचे झाले. जेवण घरात केले की स्वयंपाक आणि हॉटेलात केले की आचाऱ्याची कला, हा आपला जुना हिशेब इथेही लागू पडला.

जे उरले

मूकपटांच्या काळातले फारच थोडे आज शिल्लक आहे. नायट्रेट फिल्म आपोआप सडते. जी सडली नाही ती पुष्कळ ठिकाणी चांदीसाठी धुऊन काढली गेली, म्हणजे ज्या पाण्याने प्रतिमा उमटवली तशाच पाण्यात ती पुसली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'चे पहिले आणि शेवटचे रीळ आहे, आणि तेही १९१३ चे नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाचे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्याच वर्षीचा, चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा फाळक्यांचा लघुपटही उरला आहे. त्यात दादासाहेब स्वतः फिल्मची पट्टी उजेडात धरून न्याहाळताना दिसतात. आपल्या मनातले फाळके ते हेच. पाठ्यपुस्तकांत, टपालाच्या तिकिटांवर, पुरस्कार सोहळ्यांत हाच माणूस आणि हातात हीच पट्टी.

परेश मोकाशी यांनी २००९ मध्ये 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढला आणि त्यात सरस्वतीबाईंना घरातली बाई म्हणून न ठेवता त्या धडपडीतली भागीदार म्हणून उभे केले, हे चांगले झाले. पण ते काम कलाकृतीवर सोडून इतिहासलेखनाला मोकळे होता येणार नाही. 'राजा हरिश्चंद्र'ची श्रेयनामावली आज विश्वकोशात, संग्रहालयाच्या पाटीवर, शाळेच्या पुस्तकात नव्याने लिहिली जाते, तेव्हा दिग्दर्शन, कथा, छायालेखन यांच्या खाली आणखी एक ओळ घालायला कोणाची परवानगी लागत नाही. रासायनिक प्रक्रिया: सरस्वती फाळके. आणि ज्यांना हा शब्द जड वाटेल त्यांनी मराठीत लिहावे, फिल्म धुणे. तो शब्द हलका नाही, हे नोंदवूनच लिहावे.